व्हायोलिनं आणि राजूरचा पाऊस

पडद्यावरचं पोरगं मिसरूड फुटायच्या आत प्रेमात पडतं आणि पडल्या पडल्या कुठून तरी व्हायोलिनं वाजू लागतात. ‘सैराट’नं (२०१६) तर कहर केला: प्रेम करमाळ्याकडचं, ऑर्केस्ट्रा हॉलिवूडचा! अजय-अतुलना बोल नाही, गाणी झकासच आहेत. पंचाईत झाली ती आमच्या राजूरच्या पोरांची.

तसं गाण्याला लागणारं सगळं इथं फुकट हजर. डोंगर, धुकं, जवळच भंडारदऱ्याचं पाणी. पाऊस तर विचारूच नका. फक्त सिनेमातला पाऊस नायिकेच्या बटा तेवढ्या भिजवतो. आमचा छत्री उलटी करतो आणि दप्तरातल्या चिठ्ठीचा लगदा.

तरी पोरगं स्टँडवर उभंच. कानात इअरफोन, नजर समोर, कडवं आता चढणार, एवढ्यात एसटी लागते आणि पोरीऐवजी तिची आत्या उतरते.

“काय रे, कोणाचा तू?”

व्हायोलिनं गप्प.

“पेढे न्यायला आलतो, आत्या.”

राजूरचे पेढे नावाजलेले, त्यामुळे थाप पचते. फक्त पाव किलोचे पैसे जातात.