सोबरमध्ये दाखवू का?

"काकू, तुम्हाला सोबरमध्ये दाखवू का?" असं म्हणत गंजगोलाईतल्या दुकानातल्या पोरानं माझ्या हातातली राणी कलरची साडी काढून घेतली. लेकराच्या हातातली कात्री काढून घ्यावी, तशी. समोर पडले बिस्किटी, राखाडी आणि शिजलेल्या डाळीचा रंग. लातूर तुरीच्या डाळीचं गाव, मान्य. म्हणून काय अंगावर वरण नेसायचं?

खरा राग 'काकू'चा होता. वय चौपन्न, पण आदल्याच दिवशी मी तीन तास डोक्यावर मेंदी थापून बसले होते. लोखंडी कढई, चहाचं उकळलेलं पाणी, आवळा पावडर, सगळं यथासांग. तरी काकू!

मेंदीनं केस काळे होत नाहीत, तांबूस होतात. 'काळी मेंदी' म्हणून जी पुडी मिळते तिच्यात डाय असतो. हे ज्ञान मला भाच्याच्या हळदीच्या दिवशी झालं, कपाळ सुजून पापण्यांवर उतरलं तेव्हा. पॅराफेनिलीनडायअमाईन, डॉक्टर म्हणाले. लग्नाच्या अल्बममध्ये मला डोळे नाहीत. केस मात्र काळेभोर आहेत.

मेंदी लावणं सोपं, धुणं अवघड. आणि लातुरात तर विचारूच नका. 2016 साली मांजरा धरण आटलं, टाक्यांभोवती जमावबंदी लागली, आणि 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी मनात भागाकार केला. मेंदी धुवायला दोन बादल्या, म्हणजे तीस लिटर धरा. गाडीत 16,666 डोकी! लाज वाटली, पण हिशेब झाल्यावर. एप्रिल सरेपर्यंत गल्लीतल्या प्रत्येक भांगात दोन बोटं पांढरं दिसायला लागलं. कुणी कुणाला काही बोललं नाही. फक्त समोरची, जिला मी बारा वर्षं 'ताई' म्हणत आले, तिच्या भांगात एकही केस पांढरा निघाला नाही. ती मला कामून 'ताई' म्हणते, ते तेव्हा कळलं. पुढं परतीच्या पावसात मांजरा भरलं आणि आठ दिवसांत गल्ली पुन्हा तरुण झाली.

तर साडी. त्या पोरावर डाफरायला तोंड उघडलं आणि नांदेडचं आमचं घर आठवलं.

वडील गेले तेव्हा आई सेहेचाळीसची होती. बांगड्या, कुंकू, जोडवी बायकांनी उतरवली. इरकल मात्र राहिली होती, लाल टोपपदराची, आईची आवडती. वर्षभरानं एका बारशाला तिनं ती बाहेर काढली, तर मी म्हणाले, "आई, बरं नाही दिसत." मी. कॉलेजात शिकणारी, पेपर वाचणारी, एकविसाची. आईनं हूं की चूं न करता घडी घातली आणि फिकट काहीतरी नेसली. तिला सोबरमध्ये पहिल्यांदा मीच दाखवलं होतं.

2022 च्या मे महिन्यात कोल्हापूरकडच्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. बातमी मी आईला मोठ्यानं वाचून दाखवली. ती शेंगा फोडत होती. "चांगलं केलं की," ती म्हणाली. "पर लई उशीर केला." हे हेरवाडला होतं की मला, विचारायची हिंमत झाली नाही.

"ती राणी कलरच काढ," मी पोराला म्हणाले. "दोन दे. एक माझ्या आईला."

"आजींना?" त्यानं बिस्किटी गठ्ठ्याकडं हात नेला. मी नुसतं बघितलं. त्यानं हात मागं घेतला.

आई आता ऐंशीची आहे. रविवारी नांदेडला जाऊन साडी तिच्या मांडीवर ठेवली. तिनं पदर उलगडला, काठ दोन बोटांत धरून चुरगाळून पाहिला, उजेडाकडं धरला.

"रंग झकास हाय," ती म्हणाली, आणि मग माझ्याकडं नीट बघत, "तुझ्या केसाला काय झालं पर?"