४८ तासांचा तह
फेसबुकवर एखाद्याला अनब्लॉक केलं की नातं पूर्वपदावर येतं, हा भाबडा समज आहे. मैत्री ब्लॉक करतानाच तुटलेली असते. अनब्लॉक केल्यावर ती आपोआप जुळत नाही, रिक्वेस्ट नव्याने पाठवावी लागते. समोरच्याला सूचनाही जात नाही, म्हणजे तुमचं औदार्य फक्त तुम्हालाच ठाऊक. व्हॉट्सॲप तर आणखी कोरडं: ब्लॉकच्या काळात त्याने पाठवलेले मेसेज नंतरही पोचत नाहीत. त्यांत दिलगिरी असली तर तीही गेलीच. (शिव्या असल्या तर तेवढाच फायदा.)

मग अनब्लॉक करायचंच कशाला? त्याचं बरं चाललंय की वाईट, हे बघायला. रिक्वेस्ट पाठवायला मान वाकवावी लागते, प्रोफाइल चाळायला अंगठा पुरतो. मन खरंच निवळलं असेल, असं कुणी म्हणेल. असेलही, पण मन निवळलेला माणूस सरळ फोन करतो. फेसबुकला हा स्वभाव नेमका कळलेला दिसतो. अनब्लॉक केलेल्याला पुन्हा ब्लॉक करायला त्याने ४८ तास थांबायची अट घातली आहे. तेवढ्यात त्याचे सहलीचे फोटो, नवी गाडी आणि आपल्याला उद्देशून काही टोमणे आहेत का, हे सगळं निवांत बघून होतं.