बाळ्याचं पत्त्यांचं उत्पन्न

एडिसन, न्यू जर्सी
संक्रांतीनंतरचा रविवार, जानेवारी २०२६

ती. अण्णा आणि आईस साष्टांग नमस्कार. चि. बाळ्यास आशीर्वाद. त्याचा एक कान तुम्ही पिरगाळून ठेवा, दुसरा मी आल्यावर बघते.

फोनवर बोलायला लागलं की बाळ्या मधेच फोन ओढतो आणि व्हॉट्सॲपवर लिहिलं तर स्वतःच्या सोयीचं तेवढंच वाचून दाखवतो. म्हणून हे पत्र. शेजारच्या काकू या आठवड्यात परभणीला निघाल्यात, त्यांच्या पर्समध्ये देते. अण्णा, चष्मा लावून तुम्हीच वाचा.

आधी आईचं. जावई जुगाराला लागलेले नाहीत. रात्री तीनला तुझा फोन आला, “माय, जावई पत्ते खेळायलेत म्हणं?” तेव्हा जावई शेजारी घोरत होते. यांच्या ऑफिसातला एक जण नोकरी सोडून चालला, म्हणून सगळे अटलांटिक सिटीला जेवायला गेले होते. समुद्राकाठी फोटो काढला, मागे कॅसिनोची पाटी आली. एवढ्यावरून दाजी तिथे रोज डाव मांडतात असं बाळ्याने पारावर सांगितलं आणि संध्याकाळपर्यंत ते शारदामावशीपर्यंत गेलं. मावशीपर्यंत गेलं म्हणजे गंगाखेडपर्यंत गेलं.

पार्सल पोचलं. येसर, जवसाची चटणी, ज्वारीचं पीठ, तीळगूळ, सगळं धड आहे. येसराचा वास सुटला तशी ओवी म्हणाली, “आजीच्या घराचा वास.” मी धुतलेले कपडे आणायला तळघरात गेले आणि थोडा वेळ तिथेच बसले.

पण पिठाच्या पिशवीखाली आपला पत्त्यांचा कॅट निघाला. इस्पिकचा गुलाम हरवलाय म्हणून जोकरवर निळ्या पेनाने ‘इ. गु.’ लिहिलेला, तोच. सोबत बाळ्याची चिठ्ठी: “ताई, दाजींना सराव करायला लाव. ब्लॅकजॅकमध्ये पत्ते मोजले की कॅसिनो हरतो. गणित आहे, जुगार नाही. मी व्हिसा काढतो.”

बाळ्या, गणित खरं आहे. एडवर्ड थॉर्प नावाच्या गणिताच्या प्राध्यापकाने एमआयटीतल्या आयबीएम ७०४ संगणकावर आकडेमोड करून ते सिद्ध केलं आणि १९६२ मध्ये पुस्तक काढलं. अण्णांना मी मेंढीकोटातून सांगते. अण्णा, किती दश्श्या पडल्या आणि किती कुणाच्या हातात दबून आहेत हे तुम्हाला डोळे मिटून कळतं की नाही? तेच. फक्त इथे दश्श्यांबरोबर राजा, राणी, गुलाम आणि एक्काही धरायचे. दुर्रीपासून छक्कीपर्यंतचं पान पडलं की एक मिळवायचा, चित्र, दश्शी किंवा एक्का पडला की एक वजा करायचा. सत्ती, अठ्ठी, नव्वी सोडून द्यायची. आकडा चढला म्हणजे मोठी पानं अजून आत आहेत, तेव्हा पैसे जास्त लावायचे. आणि कॅट एक नसतो. बहुतेक ठिकाणी सहा-आठ कॅट एकत्र पिसलेले असतात, म्हणून आलेल्या आकड्याला उरलेल्या कॅटांनी भागायचं. हे सगळं मनातल्या मनात, चेहरा लग्नात जेवायला आल्यासारखा ठेवून.

(थांबा, वरण लावते.)

तर आम्ही सराव केला. हे पानं टाकत होते, ओवी मोठ्याने “प्लस वन, मायनस वन” ओरडत होती. कॅट संपला की बेरीज शून्य यायला हवी. यांची तीन आली. मी विचारलं, कसं काय? तर कुकरच्या तीन शिट्ट्या धरल्या होत्या. आणि बाळ्या, सत्तावीस पोती मोजताना तू घातलेल्या घोळाची आठवण करून देऊ का? मोंढ्यातले लोक अजून विसरलेले नाहीत.

आता उत्पन्नाचं बोलू. लग्नाच्या बायोडाट्यात ‘मासिक उत्पन्न’ या रकान्यात लिहायला काहीतरी पाहिजे म्हणून हे चाललंय हे मला कळतं. नुसता नियमाने खेळणारा माणूस शंभराला साधारण अर्धा डॉलर हरतो. चांगला मोजणारा शंभराला एखादा डॉलर कमावतो. सरासरी पंचवीस डॉलर लावले, तासाला ऐंशी डाव धरले, तर दोन हजारांची उलाढाल झाली आणि कमाई वीस डॉलर. न्यू जर्सीत दुकानात खोकी उचलणाऱ्यालाही कायद्याने तासाला निदान १५ डॉलर ९२ सेंट द्यावे लागतात. त्याच्याकडून कुणी रोज संध्याकाळी अडीचशे डॉलर हिसकावून घेत नाही. तुझ्याकडून घेतील, कारण वीस ही सरासरी झाली. एका तासात अडीचशे इकडे किंवा तिकडे होणं नेहमीचंच. शंभर तास बिनचूक मोजूनही पाचातला एक जण तोट्यात उठतो. तोवर टिकायला गाठीशी वीस हजार डॉलर तरी हवेत, म्हणजे अठरा लाख. ते असते तर तू ट्रॅक्टरचे हप्ते फेडले नसतेस का?

तू त्या ‘२१’ सिनेमाचं म्हणशील. त्यातली एमआयटीची पोरं खरी होती. पण ती टोळीने खेळायची. एक जण मुकाट मोजत बसायचा, आकडा चढला की इशारा करायचा आणि मग मोठे पैसे लावणारा दुसराच येऊन बसायचा. पाठीशी भांडवल घालणारे लोक होते. तुझ्या पाठीशी कोण? पारावरचे?

शिवाय कॅसिनोवाल्यांनीही ते पुस्तक वाचलंय. लास व्हेगासमध्ये मोजणारा दिसला की त्याला सरळ बाहेरची वाट दाखवतात. आमच्या न्यू जर्सीत तसं करता येत नाही. केन ऊस्टन नावाचा गडी कोर्टात गेला आणि १९८२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मोजतो म्हणून कॅसिनोने आपल्या मर्जीने कुणाला हाकलायचं नाही. मग ते काय करतात? तू पैसे वाढवलेस की पत्ते पिसायला घेतात. झाली तुझी मोजणी. आणखी एक चलाखी आहे. पूर्वी एक्का आणि चित्र जुळलं की दहा डॉलरवर पंधरा मिळायचे. आता बऱ्याच टेबलांवर बाराच देतात. या तीन डॉलरांत तुझा शंभराला एक कधी गेला ते कळत नाही.

पण माझं डोकं फिरलं ते कराच्या नियमाने. गेल्या जुलैत इथे कायदा झाला आणि या १ जानेवारीपासून तो लागू आहे. वर्षभरात इथला माणूस जुगारात लाख डॉलर जिंकला आणि लाखच हरला, तर हातात काय? शून्य. पण सरकार हरलेल्यातले नव्वद टक्केच वजा धरतं. म्हणजे दहा हजार कमावले असं समजायचं आणि त्यावर कर भरायचा! यांनी हे जेवताना सांगितलं, मी घास तसाच ठेवून पुन्हा सांगायला लावलं. खिशात दमडी नाही आणि कर मात्र आहे.

त्यातही गंमत अशी की पूर्णवेळ जुगार खेळणाऱ्याला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये रीतसर धंदेवाईक मानलंय. म्हणजे बायोडाट्यात ‘व्यवसाय’ लिहायला हरकत नाही, पण नव्वद टक्क्यांतून त्याचीही सुटका नाही. आणि पर्यटक व्हिसावर येऊन इथे धंदा करता येत नाही तो नाहीच. मुंबईच्या वकिलातीत खिडकीपलीकडच्या बाईंना सांगून बघ, “मॅडम, पोखर्णीहून पत्ते मोजायला चाललोय.”

तू म्हणशील, मग गोवा. मांडवीतल्या जहाजांवर आत शिरताना घेतलेल्या चिप्सवर गेल्या सप्टेंबरपासून ४० टक्के जीएसटी आहे. वर जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के प्राप्तिकर, हरलेलं काहीच वजा नाही. शंभराला एक मिळवायला माणूस एवढे देईल का? गोव्याच्या सरकारने गोवेकरांनाच आत जायला बंदी केलीय, यावरून काय ते समज.

अण्णांसाठी एक मजेची गोष्ट. १९७६ साली न्यू जर्सीच्या लोकांनी मत देऊन अटलांटिक सिटीत कॅसिनोला परवानगी दिली आणि दोन वर्षांत पहिला उघडलाही. त्याच १९७६ साली महाराष्ट्रातही कॅसिनोचा कायदा झाला. तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. आपल्याकडच्या दिरंगाईने कुणाचं तरी भलं झाल्याचं हे एवढंच उदाहरण मला माहीत आहे. बाकी, विधिमंडळात मोबाइलवरच्या रमीवरून मंत्र्यांचं कृषिखातं गेलं, तेव्हा ती जाहिरात होती म्हणे. बाळ्याने निदान ‘जाहिरात होती’ असं तरी सांगायला शिकावं.

आणि तो थॉर्प? त्याने पुढे पत्ते सोडले आणि शेअर बाजारात फंड चालवला. खरी कमाई तिकडे झाली.

(ओवीला पोहण्याच्या क्लासहून आणलं. बाहेर बर्फ आहे आणि या पोरी पोहतात.)

बाळ्या, आता थट्टा पुरे. हे तुझ्या डोक्यात कधी शिरलं ते मला माहीत आहे. सप्टेंबरच्या पावसात सोयाबीन पाण्यात बसलं, तेव्हा. ५,३२८ रुपये हमीभाव कागदावर आहे, पण काळं पडलेलं बी कोण घेतं? त्यातच मुलीकडचे येऊन चहा पिऊन गेले आणि “मुलगा शेतीच करतो का?” एवढंच विचारलं. रात्री जागून पत्ते मोजायच्या क्लिपा बघणाऱ्याला मी हसू शकते, पण तू का बघत होतास त्याला नाही. तू मला फोन का केला नाहीस? पत्त्यांची चिठ्ठी पिठाखाली लपवून पाठवता येते, आणि बँकेची नोटीस आली हे सांगता येत नाही? ते मला मावशीकडून कळावं?

हुरड्याचा फोटो मिळाला. इथे सगळ्यांना आगटी दिसली, गूळ दिसला. मी फोटो मोठा करून कणसं चोळणारा हात बघत बसले. अण्णा, तुमचं घड्याळ मनगटावरून पार वर सरकलंय. पट्ट्याला नवीन भोक पाडून घेऊ नका, दवाखान्यात दाखवा.

आता बाकीची उत्तरं. तायडीचं लग्न मे महिन्यात नको, जूनच्या आधी ओवीची शाळा सुटत नाही. आई, तव्याचं म्हणशील तर तो इथल्या शेगडीवर धड तापत नाही. धूर झाला की घंटा मात्र कोकलते, त्यामुळे भाकरी थापताना हे छताखाली पंखा हलवत उभे असतात. कढीपत्त्याच्या दोन काड्या दोन डॉलरला घेते आणि अंगणातलं झाड आठवून दुकानदाराला मनातल्या मनात शिव्या घालते. मावशीच्या सुनेला सांग, इकडची क्रीम लावून कुणी गोरं होत नाही, मी एवढी वर्षं इथे आहे, माझ्याकडे बघ. नृसिंहाला माझा नारळ फोडा. यंदा आलो की हेही दर्शनाला येणार म्हणतात. गाभाऱ्याच्या त्या बुटक्या दारात मागच्या खेपेसारखे अडकले, तर पुजारीकाकांनी ढकलायची तयारी ठेवावी.

तुमची,
मंगल

ता. क. म्हैस विकायचं काढलंय असं कळलं. विकायची नाही. नोटिशीचा फोटो बाळ्याने आजच पाठवावा, पैशाचं मी आणि हे बघतो. अण्णा ‘मुलीचे पैसे नकोत’ म्हणाले, तर मी बाळ्याला खरोखरच व्हिसा काढून देईन.