ज्येष्ठ नागरिक संघात रुजू होताना

यावल, फैजपूर, भालोद, बामणोद या पट्ट्यात कुठेही निवृत्त झाला असाल, तरी पुढील सूचना लागू आहेत.

सभासद व्हायला साठ वर्षे पूर्ण हवीत, ही लेखी अट. अलिखित अट अशी की, घरात आपल्या बोलण्याला ‘हो बाबा’ याखेरीज दुसरे उत्तर मिळेनासे झालेले असावे. नवख्याला हे उत्तर आदराचे वाटते. केळीला पाणी किती वेळ सोडायचे हे तुम्ही सांगता, मुलगा ‘हो बाबा’ म्हणतो आणि ठिबकचा कॉक त्याला वाटेल तेव्हा फिरवतो. जन्मभर वाद घातलेल्या माणसाची ही उपासमार संघात मिटते. इथे नुसते ‘आज फार ऊन आहे’ म्हणून पाहा. ‘त्रेचाळीसला काय ऊन म्हणतो भो!’ म्हणत दोघे तरी अंगावर येतात.

पहिल्या दिवशी दिसेल त्या खुर्चीत बसू नये. खुर्च्या प्लास्टिकच्या आणि एकसारख्या असल्या, तरी प्रत्येकीला मालक आहे. पंख्याखालची माजी मुख्याध्यापकांची, दाराजवळची ज्यांना वारंवार उठावे लागते त्यांची. ‘बसा ना गुरुजी’ असे कोणीतरी म्हणेपर्यंत उभे राहावे. तुम्ही शिक्षक नसाल, वीज मंडळात असाल, तरी दुरुस्ती करू नये. गुरुजी, अप्पा, नाना, तात्या यांपैकी एक पद प्रत्येकाला मिळते, आणि मिळालेले बदलून मिळत नाही.

बाहेर माणसे वय चोरतात, संघात वाढवतात. हे श्रेय एस.टी.चे. पासष्टीला अर्धे तिकीट होतेच. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत झाला आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाची किंमत एका दिवसात उतरली. तो अर्धे तिकीट काढून भुसावळला निघतो, आणि शेजारचा फुकटवाला त्याला ‘किती पडले?’ असे मुद्दाम विचारतो. त्यात मार्च २०२३ पासून बायकांना वय न विचारता अर्धे तिकीट. आधार कार्ड दाखवायचे ते आपणच. या विषयावर अर्धा तास सहज निघतो, म्हणून पाहुणे वक्ते उशिरा येणार असतील तेव्हासाठी तो राखून ठेवावा. सहल बुऱ्हाणपूरला मात्र सुचवू नये. सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच. रावेर सोडून पुढे गेले की पैसे मोजावे लागतात. चर्चा सगळीकडची करावी आणि जवळच्या मनुदेवीला जाऊन यावे.

इतिहासाचा वाद हरायला लागलात, तर फैजपूर काढावे. डिसेंबर १९३६ मध्ये तिथे काँग्रेसचे अधिवेशन भरले, खेड्यात भरलेले पहिलेच. नेहरू अध्यक्ष, मंडपाची सजावट नंदलाल बोसांची. इथवर सगळ्यांचे एकमत असते. पुढे कोणी ‘मी स्वतः नेहरूंना पाहिले’ म्हणाले, तर जन्मसाल विचारू नये. हिशेबाने तो नव्वदीच्या बराच पुढे असायला हवा, आणि समोरचा तर अजून पंचाहत्तरीच्या मोफत प्रवासाची वाट पाहतो आहे. पण बाप सांगायचा ते पोराने पाहिले, एवढी सूट संघात सर्वांना आहे.

अध्यक्षपद नको म्हणून दोनदा सांगावे. तिसऱ्यांदा सांगितलेत तर खरे धरतात.

थंडी पडली की भरीत पार्टी. वांगी बामणोदचीच आणावीत. दुसरीकडची आणलीत तरी बामणोदचीच सांगावीत. भाजायची पऱ्हाटीवर की तुरकाठीवर, यावर गेल्या वर्षीचा अबोला अजून सुटलेला नसतो, तेव्हा दोन्हींचे भारे आणून ठेवावेत. बडगीत ठेचा घालण्याचे काम ज्याचा रक्तदाब सर्वांत जास्त, तोच मागून घेतो. डॉक्टरांचे आहारावरचे व्याख्यान पार्टीच्या आधी ठेवावे. नंतर ठेवले तर त्यांना अपमान वाटतो. बायकांनाही निमंत्रण असते. त्या येतात आणि पुऱ्या लाटायला बसतात. त्यांचा वेगळा संघ नाही, कारण त्यांना अजून कोणी निवृत्त केलेले नाही.

नोव्हेंबरात निवृत्तिवेतनवाले बँकेत जाऊन हयातीच्या दाखल्यावर सही करतात आणि आठवडाभर त्याच तोऱ्यात वावरतात. शेतकरी सभासदांना ही सोय नाही. ते आहेत की गेले, याची चौकशी सरकार करत नाही. त्यांच्यासाठी, आणि खरे तर सगळ्यांसाठीच, संघाचे हजेरीपुस्तक आहे. सही रोज करावी. दोन दिवस रकाना मोकळा दिसला की तिसऱ्या दिवशी सकाळी पाच जण दारात उभे राहतात. साखर-चहापत्ती घरात असू द्यावी. ताप किती होता हे खुशाल सांगावे, पण कशाने आला ते सांगू नये. सांगितलेत तर पाचही जण ते खोडून काढतील, मग आपसात भांडतील आणि दुसरा चहा मागतील.