राक्षस पाळण्याची शास्त्रोक्त पद्धत

घरात राक्षस आणण्याआधी स्वतःची परीक्षा घ्यावी. बोरिस कार्लोफचा 1931 सालच्या 'फ्रँकेनस्टाइन'मधला फोटो समोर धरावा: सपाट डोकं, मानेला दोन बाजूंनी खिळे, अर्धवट मिटलेले डोळे. भीती वाटली तर थांबावं. तुम्ही निरोगी आहात, क्रिकेट बघा. हसू आलं तरीही थांबावं. मात्र 'एवढ्या जड बुटांत बिचाऱ्याचे पाय किती दुखले असतील' असा विचार मनात आला, तर तुमचा अधिकार सिद्ध झाला. आता कपाटातला एक कप्पा रिकामा करायला घ्या. तो कोणाचा आहे याची चौकशी आधी करा.

घरात प्रश्न विचारले जातीलच, तेव्हा पूर्वपीठिका पाठ हवी. ती अशी सांगावी. युनिव्हर्सल स्टुडिओने 1930 च्या दशकात भयपटांची रांग लावली: ड्रॅक्युला, फ्रँकेनस्टाइन, ममी. 1941 मध्ये लांडगामाणूस आला. पुढे हे सगळे म्हातारे झाले, विनोदी सिनेमांत पडेल ती कामं करू लागले. मग 1957 मध्ये 'शॉक' नावाने या जुन्या 52 चित्रपटांचा गठ्ठा अमेरिकेतल्या टीव्ही केंद्रांना विकला गेला. रात्री उशिरा ते दाखवायला प्रत्येक गावाने आपापला निवेदक उभा केला. फिलाडेल्फियात झॅकर्ली शवपेट्यांच्या सान्निध्यात बसून भर सिनेमात तोंड घालायचा. लॉस एंजेलिसमध्ये तर व्हँपायराने 1954 पासूनच ही प्रथा घातली होती. आईबाप झोपले की पोरं हळूच टीव्हीपाशी येत. ज्यांना पाहून आजोबा थिएटरात दचकले होते, त्यांच्यावर नातवंडांचा जीव जडला. 1958 मध्ये जेम्स वॉरनने 'फेमस मॉन्स्टर्स ऑफ फिल्मलँड' हे मासिक काढलं आणि संपादक नेमला फॉरेस्ट अ‍ॅकरमन, ज्याला कोटी केल्याशिवाय वाक्य संपवता येत नसे. मासिकाच्या मागच्या पानांवर मुखवट्यांच्या आणि खेळण्यांच्या जाहिराती असत. पोरांचा खाऊचा पैसा कुठे जातो, हे कारखानदारांच्या ध्यानात यायला फार वेळ लागला नाही.

एवढ्यावर कोणी "पण हे आपल्या घरात कशाला?" असं विचारलं, तर खास राखून ठेवलेलं उत्तर द्यावं. कार्लोफचं खरं नाव विल्यम हेन्री प्रॅट. त्याचे वडील ब्रिटिश हिंदुस्थानच्या मीठ-महसूल खात्यात होते. म्हणजे राक्षसाच्या घराण्याने आपलं मीठ खाल्लेलं आहे, आणि खाल्ल्या मिठाला तो आपल्या कपाटात जागेल. घरात कोणी जुने कामगार पुढारी असतील तर आणखी एक गोष्ट जोडावी: पडद्यावरच्या नटांची संघटना 1933 मध्ये उभी राहिली तेव्हा सुरुवातीच्या सभासदांत कार्लोफ होता. रोज चारेक तास रंगरंगोटीला बसून वर दिवसभर राबलेल्या राक्षसाला युनियनचं महत्त्व पटणारच.

पहिला राक्षस कोणता आणावा याबद्दल शास्त्रात दुमत नाही. न्यूयॉर्कजवळच्या वेस्ट हेम्पस्टेडच्या ऑरोरा कंपनीचा फ्रँकेनस्टाइन. हा 1961 चा, प्लास्टिकचे सुटे भाग चिकटवून उभा करायचा, किंमत 98 सेंट. हात पुढे करून तो थडग्यावरून चालत येतो. 'फ्रँकेनस्टाइन हे डॉक्टरचं नाव, राक्षसाचं नव्हे' असं पाहुण्यांना सुनावण्याचा मोह आवरावा. खोक्यावर कंपनीनेच राक्षसाला 'फ्रँकेनस्टाइन' म्हटलं आहे, आणि तुम्ही कंपनीपेक्षा शहाणे असता तर हा छंद लागला नसता. रंगाबद्दलही वाद घालू नये. सिनेमा काळा-पांढरा होता; मेकअपमन जॅक पियर्सने चेहऱ्याला हिरवट-करडा रंग दिला तो पडद्यावर प्रेतासारखा फिका दिसावा म्हणून. खेळण्यातला राक्षस मात्र हिरवागार असतो आणि तोच प्रमाण मानावा.

खोक्याकडे विशेष लक्ष द्यावं. ऑरोराच्या बहुतेक राक्षसांच्या खोक्यांवरची चित्रं जेम्स बामाची. आत निघतो पोपटी किंवा राखाडी प्लास्टिकचा ढीग. बाहेर मात्र असं चित्र, की वीज आत्ता कडाडली आणि लांडगामाणूस आत्ताच वळला. बामाच्या चित्रात आणि पोराने शाळेच्या रंगांनी रंगवलेल्या, नाकावर गोंदाचा थेंब सुकलेल्या मूर्तीत जे अंतर आहे, त्या अंतरावर आमचं प्रेम आहे. म्हणूनच रिकामी खोकीसुद्धा विकली जातात. रिकाम्या खोक्याची पावती घरात कोणाच्या हाती लागू देऊ नये.

इथून पंथभेद सुरू होतो. पहिला पंथ सोवळ्याचा. खोक्यावरचं मूळ सेलोफेन फाटता कामा नये. त्यांच्या घरी राक्षस आहे, पण तो आजवर कोणी पाहिलेला नाही; आत खरोखर तोच आहे की त्या काळच्या कामगाराने चुकून विमान भरलं, हे श्रद्धेवर सोडलेलं. या पंथाचे कट्टर अनुयायी खेळणं तपासणीला धाडतात. तिथे शंभरपैकी गुण मिळतात आणि जाड अ‍ॅक्रिलिकच्या पेटीत ते कायमचं बंद होतं. पोराला दहावीत जितके पडले नाहीत तितके गुण ममीला पडलेले मी पाहिले आहेत, आणि पेढेही वाटले गेले. दुसरा पंथ उघड्यांचा. ते खोकं उघडतात, भाग चिकटवतात, रंगवतात, आणि पहिल्या पंथाच्या नजरेतून कायमचे उतरतात. माझं मत विचाराल तर उघडावं. 1964 साली ऑरोराने गिलोटिन काढला होता. पातं सोडलं की माणसाचं मुंडकं खाली पडायचं, ते उचलून पुन्हा बसवायचं. अशी वस्तू कोरी ठेवणं हा मुंडक्याचा अपमान आहे.

काय घेऊ नये, तेही सांगायला हवं. 'बिग फ्रँकी' म्हणून 19 इंची फ्रँकेनस्टाइन 1964 मध्ये आला. पाच डॉलरला दोन सेंट कमी असलेली त्याची किंमत तेव्हाच्या पोरांच्या आवाक्याबाहेर होती. म्हणून तो फार खपला नाही, आणि म्हणूनच आज घराचा हप्ता चुकवल्याशिवाय मिळत नाही. 1971 ची 'मॉन्स्टर सीन्स' ही मालिकाही जपूनच हाताळावी. त्यात डॉ. डेडली, त्याची छळाची अवजारं आणि त्याच्या तावडीत सापडलेली तोकड्या कपड्यांतली एक मुलगी होती. मुलीच्या खोक्यावर नाव होतं नुसतं 'बळी'. पालक खवळले, निदर्शनं झाली. ऑरोरा तेव्हा नुकतीच नॅबिस्कोच्या, म्हणजे बिस्किटवाल्यांच्या, ताब्यात गेली होती. ओरिओ विकणाऱ्यांना हे झेपण्यासारखं नव्हतं. मालिका गुंडाळली गेली. पालकांचं चुकलं असं मला वाटत नाही. आपले राक्षस सोज्वळ आहेत, त्यांना अशी संगत नको.

राक्षस आणि न्याहारी यांचीही सरमिसळ करू नये. 1971 मध्ये जनरल मिल्सने 'फ्रँकन बेरी' नावाचं गुलाबी सीरियल काढलं. त्यातला रंग पोटातून जसाच्या तसा बाहेर पडायचा. एका पोराला रक्तस्राव होतोय असं समजून इस्पितळात भरती केलं. 1972 च्या एका वैद्यकीय नियतकालिकात या प्रकाराची रीतसर नोंद आहे. एखाद्या राक्षसाने माणसाला घाबरवल्याचा त्या दशकातला हा बहुधा एकमेव पुरावा.

कापडी कपड्यांतले राक्षस हवे असतील तर 1970 च्या दशकात यावं. मेगो कंपनीचे 'मॅड मॉन्स्टर्स' आठ इंची. युनिव्हर्सलचा परवाना न घेताच त्यांनी 'ड्रेडफुल ड्रॅक्युला' आणि 'हॉरिबल ममी' अशी भारदस्त नावं ठेवून वेळ मारून नेली. यांचे हातपाय आतल्या इलॅस्टिकने बांधलेले असतात. पन्नास वर्षांत इलॅस्टिक सुटतं, आणि एका पहाटे ड्रॅक्युला कंबरेतून वाकलेला सापडतो. घाबरू नये, ते वय आहे. दुरुस्तीसाठी नवे भाग मिळतात, पण नव्या कपड्यांतला जुना ड्रॅक्युला 'अस्सल' म्हणून विकणारे महाभागही याच बाजारात असतात. शिवण आणि शर्टाची गुंडी तपासल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

ड्रॅक्युला घेताना क्षणभर गंभीर व्हावं. बेला लुगोसी 1956 मध्ये वारला. त्याला ड्रॅक्युलाच्या झग्यातच पुरलं. नंतर त्याच्या चेहऱ्याची खेळणी धडाधड विकली गेली, तेव्हा बायको-मुलगा कोर्टात गेले. 1979 मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की हयातीत त्याने स्वतः वापरला नसेल तर आपल्या चेहऱ्यावरचा हा हक्क वारसांकडे जात नाही. मेल्यावर उठून फिरणाऱ्याचं सोंग ज्याने जन्मभर वठवलं, त्याला मेल्यावर नेमकं हेच सांगण्यात आलं. कायदा पुढे बदलला, पण तुमच्या कपाटातला ड्रॅक्युला त्या आधीचा आहे. त्याच्यासमोर पैशाची घासाघीस करू नये.

आता वाहतूक. हिंदुस्थानात बाहेरच्या खेळण्यांवरचा सीमाशुल्काचा दर 2020 मध्ये 20 वरून 60 टक्के झाला आणि 2023 मध्ये 70. शिवाय 2021 पासून खेळण्याला बीआयएसचं चिन्ह लागतं. 1962 च्या लांडगामाणसाने ते कुठून आणावं? त्यामुळे सनातन मार्गच धरावा: न्यू जर्सीतला मावसभाऊ. त्याच राज्यात पार्सिपनीला 'चिलर थिएटर' नावाचा मेळा भरतो. मास्क, मूर्ती, जुने नट, सगळं एका छताखाली. मावसभावाला तिथे धाडावं. तो म्हणेल, "अरे, आई येतीये डिसेंबरात, तिच्या बॅगेत टाकतो." मावशीला आधी फोन करून कल्पना द्यावी.

"मावशी, तुमच्या बॅगेत एक बाहुली येईल."

"कोणाला रे, सोनूच्या मुलीला?"

"नाही, मला."

यानंतरची शांतता लांबते. ती मोडायला घाई करू नये. मावशी बदाम-पिस्त्यांच्या पिशवीखाली ते खोकं नीट आणतील, मात्र दादरच्या सगळ्या नातेवाइकांना आधी सांगून मगच.

पावसाळ्यात खोकी कोकणात ठेवू नयेत, मुंबईतही शक्यतो नकोत. दमट हवेत पुठ्ठा फुगतो, कसर लागते. ऊन लागलं तर प्लास्टिक पिवळं पडतं आणि बामाचे रंग उडतात. सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. डांबराच्या गोळ्या टाकू नयेत, ममीला वास धरतो.

कपाट लागलं की चित्रपटांकडे वळावं. नियम एकच: मुद्दाम वाईट काढलेला भयपट पाहू नये. 'बघा, आम्ही किती वाईट आहोत' म्हणत डोळे मिचकावणारे सिनेमे हल्ली पुष्कळ निघतात. ते लबाड आहेत. आपल्याला हवा तो माणूस, ज्याला खरंच वाटलं होतं की जमलंय. 'रोबॉट मॉन्स्टर' (1953) घ्या. राक्षस म्हणजे गोरिलाचा पोशाख, त्यावर पाणबुड्याच्या टोपासारखं डोकं. गुहेत साबणाचे बुडबुडे सोडणारं यंत्र, आणि श्रेयनामावलीत त्या यंत्राचंही नाव. एड वुडचा 'प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस' पाहताना तर उभं राहावं. लुगोसी वारल्यावर उरलेल्या प्रसंगांत वुडने बायकोच्या कायरोप्रॅक्टरला उभं केलं. चेहरा जुळत नव्हता, उंचीही नाही, म्हणून तो डॉक्टर अख्खा सिनेमा तोंडापुढे झगा धरून फिरतो. हसावं, जरूर हसावं, पण त्याच्या हाताला मुंग्या आल्या असतील हे लक्षात ठेवून.

विल्यम कॅसलचे सिनेमे घरी नीट पाहता येत नाहीत, कारण त्यांचा निम्मा भाग थिएटरात होता. 'मकाब्र' (1958) बघताना भीतीने मेलात तर वारसाला 1,000 डॉलर, अशी लॉइड्सची विमा पॉलिसी प्रत्येक प्रेक्षकाच्या हाती द्यायचे. 'हाउस ऑन हाँटेड हिल'मध्ये प्रेक्षकांच्या डोक्यावरून तारेवर सांगाडा सोडत. पोरं त्याला पॉपकॉर्नची खोकी फेकून मारत. 'टिंगलर'साठी काही खुर्च्यांखाली मोटारी बसवून त्या ऐन वेळी थरथरवल्या जात. घरी हा प्रयोग करायचा असल्यास मिक्सर वापरू नये. सोफ्याखाली मोबाइल व्हायब्रेटवर ठेवून पत्नीला फोन लावायला सांगावं. ती लावणार नाही.

स्वदेशी पाठशाळा रामसे बंधूंची. 'दो गज जमीन के नीचे' (1972) साठी कुटुंबच्या कुटुंब महाबळेश्वरला जाऊन राहिलं आणि घरच्याघरी भूतपट उरकून आलं. 'पुराना मंदिर' (1984) मधला सामरी, म्हणजे अनिरुद्ध अग्रवाल, शिक्षणाने सिव्हिल इंजिनीअर. अमेरिकेच्या राक्षसांत एकही इंजिनीअर नाही, सगळे इंजिनीअरने बनवलेले.

मराठीने मात्र बाजी मारली आहे. 1993 च्या 'झपाटलेला'तला तात्या विंचू सिनेमातच बाहुल्यात शिरतो, आणि तो बाहुला रामदास पाध्यांनी घडवलेला. खेळणं काढायला वेगळं काही करायलाच नको. तरी कप्प्यात त्याला लुगोसीशेजारी ठेवू नये, तात्या वरचढ होतो. सामरीची मूर्ती मात्र मला आजवर दुकानात दिसलेली नाही. ती घरी करावी. ऑरोराच्या फ्रँकेनस्टाइनचं नवी आवृत्ती घ्यावी, ती स्वस्त पडते. मानेचे खिळे कापावेत. डोक्यावर काळी लोकर चिकटवावी, भरपूर, कात्री न लावता. डोळ्यांना लाल रंग आणि दातांना पिवळा. थडग्याचा चौथरा काढून त्याजागी हवेलीचा दरवाजा बसवावा, काडेपेटीचा चालेल, फक्त तो करकरला पाहिजे. आणि ही मूर्ती सोवळ्या पंथातल्या कोणाला दाखवू नये. तो तुमच्या राक्षसाला शंभरपैकी शून्य देईल, आणि कापलेले खिळे कुठे टाकलेत ते विचारेल.