अ‍ॅव्हरेजकाका

इगतपुरीत कोणी नवी गाडी घेतली की पेढा तोंडात जायच्या आत प्रश्न येतो, "अ‍ॅव्हरेज किती देते?" विचारणारे अ‍ॅव्हरेजकाका. त्यांचं खरं नाव आता फक्त पोस्टमनला ठाऊक असावं. नोकरी लोको शेडमधली. कसाऱ्याहून येणाऱ्या गाड्यांना 37 ला 1 चा चढ चढवण्यासाठी मागून बँकर इंजिनं लावतात, हे त्यांनी जन्मभर पाहिलं आणि धडा घेतला तो नेमका उलटा: ताकद वाढवायची नाही, ओझं उतरवायचं.

त्यांच्या जुन्या मारुती 800 ची आधी स्टेपनी उतरली. मग मागची सीट, डावा आरसा, डावा वायपर. वायपर, तोही इगतपुरीच्या आषाढात! पुढे वाऱ्याशी भांडण जुंपलं. समोरची जाळी पुठ्ठ्यानं बंद झाली, चाकांवर काकूंच्या रुखवतातल्या स्टीलच्या थाळ्या चढल्या आणि मागे बांबूच्या कामट्यांवर निमुळती शेपटी आली. तिला कापड गेल्या निवडणुकीच्या फ्लेक्सचं. त्यामुळे काकांच्या मागे अडकलेल्याला अख्खा घाटभर हात जोडून हसणारा उमेदवार पाहावा लागतो.

पंचाईत अशी की काकांचं शास्त्र खोटं नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. 80 चे 100 केले की तो दीडपटीच्या वर जातो. पण काका 55 च्या पुढे जातच नाहीत. त्या वेगाला थाळी बिचारी काय वाचवणार? वजनाचा हिशोब भाच्यानं कागदावर मांडून दिला. घाटाची चढण साधारण 300 मीटर. दहा किलोची स्टेपनी तेवढी वर नेली नाही तर वाचतं साडेतीन मिलिलिटर पेट्रोल. चाळीस पैसेसुद्धा नाहीत. काकांचे डोळे चमकले. "दर फेरीला ना?"

मग काकूंचं वजन हिशोबात आलं. मुंबईहून परतताना काका त्यांना पंचवटी एक्सप्रेसमध्ये बसवून देतात. बावीस-तेवीस मिली वाचतं. तिकीट वहीत 'प्रवास' या वेगळ्या पानावर. काकूंची तक्रार नाही. त्या कोरड्या अंगानं घरी पोचून कुकर लावतात, तेव्हा काका घाटात पुठ्ठ्यापायी तापलेलं इंजिन निवायची वाट बघत कणीस खात असतात. कणीस 'किरकोळ'मध्ये.

माझं भांडण एकाच गोष्टीवरून होतं. काका उतारावर इंजिन बंद करतात. ब्रेकला इंजिनाची मिळणारी मदत त्यानं जाते आणि घाटात ब्रेकवर पाय कितीतरी जोरात दाबावा लागतो. शिवाय इंजेक्शनच्या नव्या गाड्यांत गिअर तसाच ठेवून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की पेट्रोल आपोआप थांबतं. न्यूट्रलमध्ये उलट जळत राहतं. हे ऐकून काका म्हणाले, "म्हणूनच नवी गाडी घेत नाही."

जून 2025 मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी-आमणे टप्पा सुरू झाला, आठेक किलोमीटरच्या बोगद्यानं घाट टळला. काकांनी टोल विचारला आणि विषय मिटवला.

त्यांच्या गाडीचं अ‍ॅव्हरेज मात्र खरोखर चांगलं आहे. ते बेताच्या वेगाचं आणि टायरमधल्या योग्य हवेचं. तेव्हा तुम्हीही हवा तपासा, सावकाश चालवा, आणि घरातल्या थाळ्यांना हात लावू नका.