शेलूत बास्करव्हिलचा कुत्रा कसा सोडावा

गाजलेल्या रहस्यकथेवर विनोदी सिनेमा काढायचा, तर आधी लेखक कधी वारला ते पाहा. आपल्याकडे त्यानंतर साठ वर्षं हक्क वारसांकडे असतात. कॉनन डॉयल १९३० साली वारले, तेव्हा शेरलॉक होम्स फुकट. अ‍ॅगाथा ख्रिस्ती १९७६ साली वारल्या. २०३६ संपेपर्यंत त्यांच्या वाटेला जाऊ नका. राजा नवाथ्यांनी १९६५ साली त्यांच्या कादंबरीवरून 'गुमनाम' काढला, मेहमूदला खानसामा केलं आणि मूळ लेखिकेलाही गुमनामच ठेवलं. तो काळ वेगळा होता.

म्हणून डॉयलची 'बास्करव्हिल'च घ्या. १९६२च्या 'बीस साल बाद'नं हीच कादंबरी उचलली, कुत्रा गाळला आणि गाणारी बाई आणली. कुत्र्याला लताबाईंचा आवाज देता येत नाही, तेव्हा तक्रार नाही. हसवण्याचं काम सिनेमावाल्यांनी असित सेनच्या रेंगाळत बोलणाऱ्या गोपीचंद जासूसावर सोपवलं. तुम्ही मात्र कुत्रा ठेवा.

कादंबरीतल्या डार्टमूरची दलदल शोधायला लांब जाऊ नका. कर्जतच्या लोकलनं वांगणी सुटली की शेलू. जुलैत उतरा; खाचरांत चिखलणी झालेली असते, आणि बांधावरून चालायची सवय नसलेला मुंबईचा वारसदार दुसऱ्या पावलाला गुडघाभर आत जातो. एवढ्यावर पाच मिनिटं सहज निघतात. जुनी हवेली मिळणार नाही, फार्महाउस मिळेल.

आता खरी मेख. कादंबरीत हॉटेलातून वारसदार सर हेन्रीचा नवा बूट चोरीला जातो. मग जुना जातो आणि नवा परत सापडतो. सर हेन्री वेटरवर आरडाओरडा करतो, वाचक हसतो आणि पुढे जातो. वास्तविक अख्खं रहस्य तिथेच उघडं पडलेलं असतं : कुत्र्याला माणसाचा वास द्यायला न वापरलेला बूट काय कामाचा? पुरावा लपवायला हशासारखी जागा नाही, हे डॉयलना पक्कं ठाऊक होतं. शेलूत हे आणखी सोपं. देवळाबाहेरून नवी चप्पल गेली तर कोण संशय घेतो? ती परत आली आणि झिजकी गेली, तर गाव आठवडाभर हसेल. हसू द्या. कोणाही पात्राला त्यावर विचार करू देऊ नका.

होम्स गुपचूप माळावर राहतो, तो प्रसंग मात्र बदला. शेलूत परका माणूस लपून राहिला तर चहाच्या टपरीवर तासाभरात त्याच्या आडनावापर्यंत चौकशी झालेली असते. आपल्या होम्सची अडचण माहिती न मिळण्याची नाही, फार मिळण्याची आहे. पोलीस पाटलालाच सगळं ठाऊक असतं, फक्त त्याला कुणी विचारत नाही.

मूर्ख एकच ठेवा. 'विदाउट अ क्लू'त (१९८८) होम्स म्हणजे भाड्यानं आणलेला दारुडा नट, आणि खरी अक्कल वॉटसनला. म्हणून गंमत टिकते. २०१८च्या 'होम्स अँड वॉटसन'मध्ये दोघेही बावळट, मग खुनी पकडायचा कोणी? खुन्यालाही विनोद देऊ नका. तो खरोखर मारेल असं वाटलं पाहिजे.

कुत्रा गावातलाच घ्या. मूळ कथेत त्याला फॉस्फरस फासतात. तुम्ही गळ्यात रेडियमचा पट्टा बांधा. शूटिंगच्या आधी त्याला युनिटमधल्या कोणीही बिस्किट घालायचं नाही, नाहीतर अंगावर झेप घ्यायच्या शॉटला तो शेपूट हलवत येतो आणि नटाचे हात चाटतो.